लेकीला रेस्पिरेटरी थेरपिस्ट व्हायचंय. प्रवेशाला नक्की काय काय लागतं?

बार्शीकर | ९ मे, रात्री १०.४०

नमस्कार. इथं वाचते नेहमी, लिहायला पहिल्यांदाच बसलेय. मुलीची बारावी सायन्स झाली. एकूण ६८ टक्के. फिजिक्स ५२, केमिस्ट्री ५५, बायॉलॉजी ७१. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिलीय, पण पेपर कसा गेला ते तिलाच माहीत. रिपीट करणार नाही म्हणते, आणि ते ठाम आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तिचे आजोबा अकरा दिवस बायपॅपवर (मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या यंत्रावर) होते. आम्हाला आत सोडत नव्हते. एक मुलगा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. आजोबा मास्क ओढून काढायचे, घुसमटतं म्हणायचे. तो मुलगा मास्कचा पट्टा बोटभर सैल करायचा, नाकाच्या हाडावर पट्टी ठेवायचा, पुन्हा मास्क बसवायचा आणि म्हणायचा, "आजोबा, माझ्याबरोबर घ्या... आता सोडा." असं वीस-वीस मिनिटं. आजोबा घरी आले, आज रोज सकाळी कट्ट्यावर जाऊन बसतात. मी त्या मुलाला डॉक्टर समजत होते. तो म्हणाला, मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वासाचे उपचार आणि यंत्रं सांभाळणारा. मुलगी तेव्हा सातवीत होती, माझ्या शेजारी बसून ते सगळं बघायची. तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच.

आता अडचण अशी की आमच्याकडे हे शिकलेलं कुणीच नाही. इथल्या एका क्लासवाल्यांनी सांगितलं, सहा महिन्यांचा डिप्लोमा करा, ५५ हजार, रोज यायची गरज नाही, लगेच आयसीयूत नोकरी. ऐकायला बरं वाटलं, पण मन मानेना. प्रवेशाला काय लागतं, नीट लागते का, कुठं शिकवतात, कुणी नीट सांगेल का?

श्वाससोबती | ९ मे, रात्री ११.५५

ताई, क्लासवाल्यांना पैसे देऊ नका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी कोल्हापूरचा, मणिपालला बी.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपी केलं, आता नऊ वर्षं पुण्यात आयसीयूत आहे. आत्ता ड्युटीवर आहे, उद्या सविस्तर लिहितो. तुमच्या मुलीचे मार्क पुरेसे आहेत, आज शांत झोपा.

लातूरकर०७ | १० मे, सकाळी ७.२०

माझं मत वेगळं आहे. मुलगी हुशार दिसते, तर बी.एस्सी. नर्सिंग का नाही? सरकारी भरती निघते, गावोगावी नोकरी आहे. रेस्पिरेटरी थेरपिस्टची जाहिरात आमच्या जिल्ह्यात मी आजवर पाहिलेली नाही. बाप म्हणून बोलतोय, मलाही दोन मुली आहेत. चार वर्षं आणि लाखो रुपये घालायचे तर आधी शेवट बघावा.

श्वाससोबती | १० मे, दुपारी ३.१०

रात्रपाळी करून झोपून उठलो. आता निवांत लिहितो.

विषय. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवं. बहुतेक ठिकाणी पीसीबी मिळून ५० टक्के मागतात. मेख इथं आहे: एकूण टक्के कुणी विचारत नाही, त्या तीन विषयांचे विचारतात. तुमच्या लेकीचे ३०० पैकी १७८ होतात, म्हणजे ५९ टक्क्यांच्या वर. चिंता नको. मला नीट लागली नव्हती. मात्र नियम बदलत असतात, म्हणून ज्या विद्यापीठात अर्ज करायचा त्याचं यंदाचं माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. कुणी फोनवर सांगितलेलं धरून चालू नका, माझंही नाही.

कुठं. हा कोर्स दक्षिणेत जास्त रुजलाय. मणिपाल आहेच. कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत 'बी.एस्सी. रेस्पिरेटरी केअर टेक्नॉलॉजी' या नावानं मिळतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) आहे, त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. कोचीच्या अमृता विद्यापीठातही आहे. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बीपीएमटी (पॅरामेडिकलचा पदवी कोर्स) असतो, तोही तीन अधिक एक. त्यातली अ‍ॅनेस्थेशिया टेक्निशियनची शाखा आमच्या कामाच्या जवळची आहे, फी आवाक्यातली असते. पण ती भूल विभागाची वाट आहे, दोन्ही एकच समजू नका.

कागदपत्रं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला असेल तर तो, आणि परराज्यात जायचं म्हणून बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट. हे मायग्रेशन लोक विसरतात आणि ऑगस्टमध्ये बोर्डाच्या कार्यालयाबाहेर रांग लावतात. आत्ताच अर्ज करा. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती धरून फीचा हिशोब करत असाल, तर ते कॉलेज आणि तो कोर्स त्या योजनेत आहे का हे आधी पोर्टलवर बघा.

लस. हिपॅटायटीस बी. तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिने. लहानपणी झाले असतील तर कार्ड शोधा. नसतील तर पहिला डोस याच आठवड्यात, म्हणजे रुग्णांना हात लावायची वेळ येईतो ती सुरक्षित असेल. आमचे हात दिवसभर रक्तात आणि थुंकीत असतात.

आणि फिजिक्स का मागतात ते सांगतो, कारण मुलं विचारतात "श्वासाला फिजिक्स कशाला?" मध्यंतरी एक बाई आल्या, उंची पाच फूट, वजन ८० किलो. व्हेंटिलेटरवर घ्यायचं होतं. एका श्वासाला किती हवा द्यायची? नवशिका वजन बघतो, किलोला ६ मिली धरून ८० गुणिले ६, म्हणजे ४८० मिली. चूक. माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही, ते उंचीवर ठरतं. पाच फुटी बाईचं हिशोबाचं वजन ४५.५ किलो. गुणिले ६, म्हणजे २७३ मिली. जवळजवळ निम्मं. चारशे ऐंशी लावले असते तर आजारी फुफ्फुस फुग्यासारखं ताणलं गेलं असतं, आणि ती इजा लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी दिसते. आमच्या हातात बटण आहे, म्हणून हे गणित झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. ऑक्सिजनचंही तसंच. जंबो सिलिंडरमध्ये ७००० लिटर. रुग्णाला मिनिटाला १० लिटर चाललाय. ७०० मिनिटं, म्हणजे पावणेबारा तासांच्या आत दुसरा सिलिंडर दारात हवा.

लातूरकर काका, तुमचा मुद्दा खरा आहे, टाळत नाही. महाराष्ट्रात या पदनामानं जागा थोड्या. पुष्कळ रुग्णालयं 'आयसीयू टेक्निशियन' म्हणून घेतात आणि पगार त्या हिशोबानं देतात. मी पहिली दोन वर्षं तशीच काढली. मोठ्या शहरांतल्या मोठ्या आयसीयूंत चित्र बदललंय, तालुक्याला नाही. घराजवळच नोकरी हवी असेल तर नर्सिंगच बरं, हे मीही सांगेन.

मिरजेची_सिस्टर | १० मे, सायंकाळी ६.०५

३४ वर्षं सिस्टर होते, त्यातली १९ आयसीयूत. निवृत्त झालेय. बाळा बार्शीकर, कागदांचं सगळं श्वाससोबतीनं सांगितलं, मी लेकीबद्दल विचारते.

तिला कफ चालतो का? हसू नका. सक्शन करताना, म्हणजे कफ ओढून काढताना, नळीतून जे येतं त्याचा रंग, घट्टपणा, वास बघून सांगायचं असतं, आज बरं आहे की वाईट. जिला ते बघवत नाही ती चार वर्षं रडत काढते. आणि रक्तातले वायू तपासायला एबीजी काढायचं म्हणजे मनगटातली धमनी टोचायची, शीर नव्हे. ते दुखतं. रुग्ण ओरडतो. आधी दोन्ही धमन्या दाबून, एक सोडून, तळहात परत लाल होतोय का ते बघायचं, मगच सुई. मी अशा मुली बघितल्यात की टोचताना रुग्णाशी बोलत राहायच्या, "मावशी, झालंच हं", आणि अशीही मुलं बघितलीत की मान वर न करता टोचून निघून जायची. पहिली जात आयसीयूला हवी असते. नातेवाइकांशी ओळख काढून एखाद्या आयसीयूत तिला दोन तास उभी करा, आणि तीही रात्रीची. दिवसा सगळं चकचकीत दिसतं.

पैनगंगाकाठ | १० मे, रात्री ९.३०

सहा महिन्यांच्या डिप्लोमावर लिहिणं भाग आहे, कारण मी तो केलाय.

कोविडनंतर आमच्याकडे एक संस्था आली, नाव लिहीत नाही. दोन खोल्या, भिंतीवर फुफ्फुसाचा तक्ता, एक बंद पडलेला व्हेंटिलेटर. सहा महिन्यांत तो एकदाही सुरू झाला नाही. वडिलांनी बैल विकून फी भरली होती. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता. ते घेऊन नांदेडला गेलो तर तिथल्या एचआरच्या मॅडमनी कागद उलटसुलट करून विचारलं, "विद्यापीठ कुठलं?" विद्यापीठ नव्हतंच. मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की पदवी फक्त विद्यापीठ देऊ शकतं, हा कागद तुला वॉर्डबॉयच्या पुढं नेणार नाही. परतीच्या बसमध्ये मी काय विचार करत होतो ते इथं लिहीत नाही.

आता मी रीतसर बीपीएमटी करतोय, तिसऱ्या वर्षाला आहे. मधली वर्षं वाया गेली. ताई, ५५ हजार राहू द्या, ५५ रुपयेही देऊ नका.

श्वाससोबती | १० मे, रात्री १०.१५

भावा, लिहिलंस ते बरं केलंस. वर्षं वाया गेली म्हणू नको, तू परत उभा राहिलास.

या अनुभवाला जोडून कायद्याचं सांगतो. २०२१ मध्ये संसदेनं आमच्यासारख्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्या कायद्यानं किमान तास ठरवलेत. सहाय्यक व्यावसायिकाच्या पदविका-पदवीला २००० तास, दोन ते चार वर्षांत. आरोग्य व्यावसायिकाच्या पदवीला ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. सहा महिने यात कुठंच बसत नाहीत. शिवाय यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवायला मनाई केलीय. तेव्हा "घरी बसून करा" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा.

बायफोकलवाला | ११ मे, सकाळी ८.५०

माझा प्रश्न याच धाग्यात विचारतो. मी बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं, त्यामुळं बायॉलॉजी सुटली. ७९ टक्के आहेत. मला मिळेल का?

श्वाससोबती | ११ मे, सकाळी ९.४०

सध्या नाही. बायॉलॉजीशिवाय अर्ज छाननीतच बाद होतो, ७९ असोत की ९९. बोर्डाकडून फक्त बायॉलॉजीचा पेपर स्वतंत्रपणे देता येतो का ते तुझ्या ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात विचार. एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्गही आहे. मात्र वर्ष घालवायच्या आधी ज्या विद्यापीठात जायचंय त्यांना ईमेल करून विचार की नंतर दिलेली बायॉलॉजी धरता का, आणि उत्तर लेखी घे. अकरावीला बायफोकल घेणाऱ्या मुलांना ही गोष्ट कुणी सांगतच नाही. अकरावीच्या प्रवेशाला कोणी असेल त्यांनी हे वाचून ठेवा.

ओहायोवासी | ११ मे, दुपारी १.२५

अमेरिकेतून लिहितेय. पुण्याची बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, लग्नानंतर इकडे आले, सहा वर्षं घरी होते. ३६ व्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात रेस्पिरेटरी केअरला प्रवेश घेतला. आता एका रुग्णालयात नवजात अर्भकांच्या विभागात आहे. इकडे आलेल्या मराठी बायकांनी हा पर्याय बघावा म्हणून लिहिते.

इकडे कोर्सला सीओएआरसी या संस्थेची मान्यता आहे का हे सर्वांत आधी बघायचं, नाहीतर एनबीआरसी या मंडळाच्या परीक्षेला बसताच येत नाही. किमान दोन वर्षांची असोसिएट पदवी, पण वारा बॅचलर्सकडे वाहतोय. २०१८ मध्ये नव्या कोर्सना बॅचलर्स किंवा त्यावरचीच अट घातली होती. प्रवेशापूर्वी अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग प्रयोगशाळेसह, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, गणित. माझं पुण्याचं मायक्रो मान्य झालं. अ‍ॅनाटमी पुन्हा करावी लागली, आणि खरं सांगते, लागली ते बरंच झालं, शिकून पंधरा वर्षं झाली होती. मग बीएलएसचं (जीव वाचवायच्या प्राथमिक उपायांचं) कार्ड, पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, आणि रुग्णालयात थेरपिस्टच्या मागं उभं राहून काही तास बघायचं.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी खास. टीबीची चाचणी. कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला औषध टोचून दोन-तीन दिवसांनी बघतात. आपल्याला लहानपणी टीबीची बीसीजी लस दिलेली असते, त्यामुळं हात सुजतो आणि चाचणी पॉझिटिव्ह दिसू शकते. माझी तशीच आली. प्रवेशाच्या आठ दिवस आधी मला वाटलं, संपलं सगळं. मग रक्ताची क्वांटिफेरॉन चाचणी केली, ती निगेटिव्ह. तेव्हा पहिल्यापासूनच रक्ताची चाचणी चालेल का विचारा.

शिकल्यावर एनबीआरसीची परीक्षा. १६० प्रश्न, तीन तास. त्यात कमी गुणमर्यादा पार केली तर सीआरटी, ही पहिली पायरी. जास्तीची पार केली तर पुढची सिम्युलेशनची परीक्षा देऊन आरआरटी, म्हणजे वरच्या पायरीवर जाता येतं. कॅलिफोर्नियात २०१५ पासून नव्यानं परवाना घ्यायचा तर आरआरटीच लागतं.

बार्शीकर ताई, मुलीला पुढं अमेरिकेत यायचं असेल तर भारतातल्या पदवीवर थेट ही परीक्षा देता येईल असं धरून चालू नका, इथल्या मान्य कोर्समधून जावं लागतं. आत्तापासून तिच्या प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची प्रत आणि इंटर्नशिपच्या तासांची नोंद सांभाळा. मी सांभाळली नव्हती. आईनं पुण्यात चार हेलपाटे घातले.

वाळवंटातला_कोकणी | ११ मे, सायंकाळी ७.४५

आखातातलं थोडक्यात. इकडे पदवी, अनुभव, डेटाफ्लो कंपनीची कागदपडताळणी आणि प्रोमेट्रिकची, म्हणजे परवान्यासाठी संगणकावर द्यायची परीक्षा. पडताळणीत ते थेट विद्यापीठाला विचारतात. मित्राचं कॉलेज मधेच बंद पडलं होतं, पडताळणी पाच महिने अडकली. म्हणून जुनं, टिकलेलं विद्यापीठ बघा. पगाराचं म्हणाल तर घरचं कर्ज फिटलं, एवढं सांगतो.

लातूरकर०७ | १२ मे, सकाळी ७.३५

श्वाससोबती, तुम्ही सरळ उत्तर दिलंत, बरं वाटलं. अजून एक विचारतो. दोन कॉलेजं समोर असतील, दोघांची मान्यता ठीक, फी सारखी, तर निवड कशावरून करायची?

श्वाससोबती | १२ मे, दुपारी ४.२०

काका, हाच प्रश्न लोकांनी पहिल्यांदा विचारायला हवा.

प्रवेशाची अट ५० टक्के ही कागदावरची झाली. मुलगी घडते ती आयसीयूत. त्यामुळं कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत, होस्टेल, कँटीन सगळं सोडा, आणि चार गोष्टी विचारा. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का? तिथल्या आयसीयूत आत्ता या घडीला किती व्हेंटिलेटर चालू आहेत? लहान मुलांचा आणि नवजातांचा आयसीयू वेगळा आहे का? आणि शिकवणारे स्वतः रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहेत का, की भूलतज्ज्ञ आणि फिजिओ वेळ मिळेल तसं शिकवतात? शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घ्या आणि विचारा, "तू स्वतःच्या हातानं किती एबीजी काढलेस?" त्यानं आकडा सांगितला तर बरं. तो इकडंतिकडं बघायला लागला तर दुसरं कॉलेज बघा.

आमच्या सरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना व्हेंटिलेटरची नळी तोंडात धरून श्वास घ्यायला लावला होता. मशीन आत ढकलतंय आणि तुम्हाला बाहेर सोडायचंय. दहा सेकंदांत घाम फुटतो. त्या दिवसानंतर "पेशंट मशीनशी भांडतोय" हे वाक्य आमच्या वर्गात कुणी उच्चारलं नाही. पेशंट भांडत नसतो, मशीन चुकीचं लावलेलं असतं. असं शिकवणारं माणूस जिथं आहे तिथं मुलीला घाला.

मिरजेची_सिस्टर | १२ मे, रात्री ८.५०

शंभर टक्के बरोबर. आणि सर मराठी बोलणारे नसतील तरी चालेल, पण मुलीला रुग्णांची भाषा शिकावी लागेल. "जोरात श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, खोका" एवढी चार वाक्यं कन्नडमध्ये, तमिळमध्ये पाठ करून जायची.

बार्शीकर | २४ मे, रात्री ९.१५

सगळ्यांना काय म्हणू? पंधरा दिवस हा धागा आमच्या घरात मोठ्यानं वाचला जातोय. आजोबा तर "तुझ्या त्या श्वाससोबतीनं आज काय लिहिलं" म्हणून विचारतात.

मिरजेच्या मावशी, तुम्ही सांगितलंत तसं केलं. सोलापुरात यांच्या मित्राच्या ओळखीनं एका आयसीयूत रात्री दहा ते बारा तिला उभी राहू दिली. मी बाहेर बाकावर बसले होते. सक्शन बघितलं तिनं. बाहेर आल्यावर पाच मिनिटं काही बोलली नाही, मला वाटलं आता नको म्हणेल. मग म्हणाली, "आई, ते काका बोलू शकत नाहीत ना, नळी असल्यामुळं. ते डोळ्यांनी सिस्टरला शोधत होते." बस्स, तेव्हा माझंही ठरलं.

मायग्रेशनचा अर्ज केलाय. हिपॅटायटीसचं कार्ड सापडलं नाही, म्हणून पहिला डोस घेतला. मणिपालचा आणि वेल्लोरचा, दोन्हीकडचे अर्ज बघतोय, बीपीएमटीही सोडणार नाही. क्लासवाल्यांचा परत फोन आला होता. यांनी विचारलं, विद्यापीठ कुठलं? त्यांनी फोन ठेवला.

एकच विचारायचंय. ती म्हणते स्टेथोस्कोप घेऊन द्या. कुठला घ्यावा?

श्वाससोबती | २४ मे, रात्री ११.०५

आत्ता नको ताई, कॉलेज सांगेल तो घ्या, उगाच महागाचा पडतो. त्यापेक्षा सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घेऊन द्या. श्वास मोजायला तेच लागतं. कुणालाही न सांगता मोजायचे, सांगितलं की माणसाचा श्वास बदलतो.

बार्शीकर | २६ मे, सकाळी ६.५०

घड्याळ आणलं. काल रात्री आजोबा झोपले होते, ती उशाशी बसून मोजत होती. सोळा आले म्हणाली.

श्वाससोबती | २६ मे, सकाळी ७.३०

सोळा छान आहेत. तिला विचारा, पूर्ण मिनिट मोजलं ना? अर्धं मोजून दुप्पट करायची सवय आत्तापासून लागू देऊ नका.